अंगावर झाकून ठेवायचं पिस्तूल: वाचक विचारतात

परवाना हातात पडल्यावर कोणतं हत्यार घ्यायचं, जुनं असेल तर ते कसं पारखायचं आणि रोज अंगावर कसं ठेवायचं, असं विचारणारी पत्रं या वेळी बरीच आली. त्यांतली निवडक पत्रं थोडी आटोपशीर करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न: मी ठेकेदार आहे. मजुरीची रोकड घेऊन साइटवर जावं लागतं. .३२ बोअरचा परवाना नुकताच मिळाला. दुकानदार जुनं वाल्थर पीपीके दाखवतो आहे, मित्र नवी अशनी घे म्हणतात आणि मुलगा प्रबल रिव्हॉल्व्हरच्या मागे लागला आहे. काय घ्यावं? (एक वाचक, संगमनेर)

उत्तर: आधी परवाना उघडून पाहा. त्यावर ‘पिस्तूल’ लिहिलंय, ‘रिव्हॉल्व्हर’ की दोन्ही? एकच लिहिलं असेल, तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून बदल करून घेतल्याशिवाय दुसऱ्याची चर्चा व्यर्थ आहे. बोअर, म्हणजे नळीचं आणि काडतुसाचं माप, हेही नीट समजून घ्या. बोलताना दोन्हींना ‘बत्तीस’ म्हणतात, पण पीपीके आणि अशनी .३२ एसीपी काडतूस खातात, तर निर्भीक, प्रबल ही रिव्हॉल्व्हरं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरांच्या सिलिंडरमधल्या घरात शिरतं, म्हणून ते चालतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एसीपीचा कमाल दाब सुमारे २०,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) धरतात आणि लाँगचा १५,०००. शिवाय नव्वद-शंभर वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्व्हरांचं पोलाद तर याहून कमी दाबासाठी होतं.

आता लपवण्याचं. हा प्रश्न आपल्याकडे हौसेचा नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी छोटं हत्यार अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच बनावटीच्या पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलंच पाहिजे. कमरेला दिसेल असं लावून लग्नाच्या मांडवात मिरवणारे परवाना रद्द होण्याला स्वतःहून आमंत्रण देतात.

झाकण्याच्या दृष्टीने दुकानात तीन मापं घ्यायची: जाडी, मुठीची उंची आणि वजन. नळीची लांबी लोक सगळ्यात आधी बघतात, पण तिचा त्रास सगळ्यात कमी. नळी पँटच्या आत उभी जाते. खाली वाकल्यावर शर्टातून टोक काढते ती मूठ. पीपीके १५५ मिमी लांब, नळी ८३ मिमी, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत) ७ काडतुसं, रिकामं वजन ५९० ग्रॅमच्या आसपास आणि जाडी साधारण २५ मिमी. सहा घरांच्या .३२ रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरतं, आणि हा एका सेंटिमीटरचा फरक कमरेला सकाळ-संध्याकाळ जाणवतो. २०२३ मध्ये बाजारात आलेलं प्रबल ६७५ ग्रॅमचं आहे, नळी ७६ मिमी. त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, त्यामुळे भरणं-रिकामं करणं निर्भीकपेक्षा सोपं. ५० मीटर पल्ल्याचा गाजावाजा मात्र मनावर घेऊ नका. जिवावरचा प्रसंग ओढवतो तो बहुधा खोलीच्या किंवा गाडीच्या अंतरावर, आणि एवढ्या छोट्या नळीने ५० मीटरवर नेम धरणारा माणूस हा सल्ला विचारायला येत नाही.

रिव्हॉल्व्हरच्या बाजूने एक मुद्दा मात्र जबरदस्त आहे. काडतूस फुसकं निघालं तर ट्रिगर पुन्हा ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात तेच झालं तर मॅगझिनला खालून थाप मारून स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागे ओढून सोडावी लागते, आणि हे सरावाशिवाय घाबरलेल्या हातांना जमत नाही. म्हणून वर्षातून एकदाही रेंजवर न जाणाऱ्याने रिव्हॉल्व्हर घ्यावं. तुम्ही रोज अंगावर ठेवणार आणि सरावाची तयारी असेल, तर चपटं पिस्तूल. त्यात इशापूरच्या रायफल फॅक्टरीची अशनी नवी मिळते, कागदपत्रं सरळ असतात आणि सुटे भाग मिळण्याची शक्यता असते. पीपीके देखणं आहे, पण सामान्य परवानाधारकासाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकात बंद झाल्यापासून जी आहेत तीच हातोहात फिरत आहेत. त्या किमतीत तुम्ही नाव आणि दुर्मीळपणा विकत घेता. ते घ्यायचंच असेल तर पुढच्या उत्तरात दिलेल्या सगळ्या चाचण्या केल्याशिवाय पैसे मोजू नका.

शेवटचं, स्वतःचा हात. पीपीकेच्या मुठीवर बहुतेकांची करंगळी खाली लोंबते आणि जाड तळहात असेल तर मागे येणारी स्लाइड अंगठा आणि तर्जनीमधली कातडी खरवडते. शिवाय ही छोटी पिस्तुलं ब्लो-बॅक पद्धतीची, म्हणजे स्लाइड कुठेही अडकवलेली नसते. तिचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच ती बंद राहते. त्यामुळे हत्यार लहान असूनही स्प्रिंग कडक. दुकानात दहा वेळा स्लाइड ओढून बघा. सातव्या-आठव्या वेळी बोटं घसरू लागली तर ते पिस्तूल तुमचं नाही.

प्रश्न: दुसऱ्या परवानाधारकाकडून जुनं विलायती .३२ पिस्तूल घेतोय. फक्त चकचकीत आहे म्हणून फसायचं नाही. काय काय तपासावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर: चकाकी हीच पहिली शंका. नव्याने पॉलिश करून काळं केलेल्या हत्यारावर अक्षरांच्या कडा गोल होतात, खाचा उथळ दिसतात. नंबराजवळ असं घासलेलं दिसलं तर तिथेच थांबा. ओळख-क्रमांक खोडणं वा बदलणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे आणि असं हत्यार नुसतं जवळ सापडलं तरी अडचण तुमची. विकणाऱ्याच्या परवान्यावरचा नंबर हत्यारावरच्या नंबराशी अंक-अंक ताडून पाहा. विकणाऱ्याने परवाना प्राधिकाऱ्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस जावे लागतात, तोपर्यंत पैसे-हत्यार अदलाबदल नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच अग्निशस्त्रं राहू शकतात, हेही मोजून घ्या.

मग हत्यार. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) डोळ्याने आणि करंगळीच्या टोकाने खात्री, पुन्हा एकदा खात्री. जवळपास खरं काडतूस नको. खालच्या चाचण्या मालकाची परवानगी घेऊन, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून करायच्या.

नळीपासून सुरुवात. पांढऱ्या कागदावर टॉर्चचा झोत टाकून मागून आत बघा. आटे (नळीतल्या वळणदार खाचा) स्पष्ट हवेत. थोडे बारीक खड्डे चालतात, जुन्या काळच्या क्षारयुक्त प्राइमरमुळे (काडतुसाच्या बुडातली, आधी पेटणारी दारू) ते पडतात. पण आत कुठे गोल कड्यासारखी सावली दिसली, तर ती नळी फुगली आहे. आधीची गोळी आत अडकलेली असताना दुसरी सुटली की असं होतं. बाहेरून बोट फिरवून फुगवटा लागतो का बघा. लागला किंवा न लागला, सावली दिसली की सौदा मोडायचा.

स्लाइड काढता येत असेल तर पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीचे कोपरे आणि फ्रेमचा पुढचा भाग भिंगाने बघा. ब्लो-बॅकमध्ये स्प्रिंग थकली की स्लाइड फ्रेमवर आदळत राहते आणि तडे नेमके अशा जागी येतात. स्प्रिंगची साधी परीक्षा: रिकाम्या पिस्तुलाचं तोंड आकाशाकडे धरायचं, स्लाइड थोडी मागे घेऊन हाताने हळूहळू सोडायची. शेवटचे तीन-चार मिलिमीटर ती स्वतःच्या जोरावर पूर्ण बसली पाहिजे. मध्येच रेंगाळली तर स्प्रिंग गेली आहे, किंवा आत जुनं तेल चिकट झालंय. साफ करून पुन्हा बघा.

सेफ्टीसाठी चार चाचण्या आहेत. हॅमर (काडतूस फोडणारा मागचा घोडा) चढवून सेफ्टी लावायची, ट्रिगर घट्ट ओढायचा, सोडायचा आणि मग सेफ्टी काढायची. सेफ्टी काढतानाही हॅमर पडता कामा नये. इथेच बरीच झिजलेली पिस्तुलं उघडी पडतात. दुसरी, चढवलेल्या हॅमरला अंगठ्याने मागून पुढे दाबायचं, तो सुटला तर सिअर (हॅमर अडवून धरणारा खटका) झिजलाय. तिसरी, स्लाइड तीन-चार मिमी मागे धरून ट्रिगर ओढायचा. हॅमर पडला तर डिसकनेक्टर काम करत नाही, म्हणजे चेंबर पूर्ण बंद नसताना गोळी सुटू शकते. चौथी, ट्रिगर ओढलेलाच ठेवून स्लाइड मागे-पुढे करायची, हॅमर चढलेलाच राहायला हवा. तो स्लाइडबरोबर खाली आला तर ते पिस्तूल एका दाबात दोन-तीन गोळ्या सोडू शकतं. असल्या हत्याराला हातसुद्धा लावू नये.

वाल्थर पीपी आणि पीपीकेला पहिली चाचणी लागू नाही, कारण त्यांत सेफ्टी खाली ओढली की फायरिंग पिन (प्राइमरवर आदळणारी सुई) अडते आणि हॅमर आपोआप पडतो. ही सोय खरोखर चालते का ते पेन्सिलने कळतं. साधी पेन्सिल, जिचा जाडपणा साधारण ७ मिमी असतो, रबराची बाजू आत करून नळीत सोडा. तोंड वर. हॅमर चढवून सेफ्टीने पाडा, पेन्सिल जागची हलता कामा नये. मग सेफ्टी काढून, पुन्हा चढवून ट्रिगर ओढा, आता पेन्सिल टुणकन उडाली पाहिजे. पहिल्या वेळी उडाली तर जिवाला धोका, दुसऱ्या वेळी नुसती थरथरली तर फायरिंग पिन झिजली आहे किंवा हॅमरची स्प्रिंग ढिली आहे.

एफएन १९१० सारख्या जुन्या पिस्तुलात बाहेर हॅमरच नसतो, आतला स्ट्रायकर (स्प्रिंगच्या जोरावर सुटणारी फायरिंग पिन) चढलेला असतो, आणि हत्यार पडलं तर त्याला अडवणारा स्वतंत्र अडसर नसतो. ते कितीही छान वाटलं तरी चेंबरमध्ये काडतूस ठेवून बाळगण्याचं हत्यार नव्हे.

एक्स्ट्रॅक्टरकडे, म्हणजे चेंबरमधून काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याकडे, कुणी बघत नाही, कारण ब्लो-बॅकमध्ये वायूचा दाबच रिकामी पुंगळी मागे ढकलतो आणि आकडा मोडका असला तरी पिस्तूल चालतं. घोळ होतो न फुटलेलं काडतूस बाहेर काढताना. ते चेंबरमध्येच राहतं आणि माणूस समजतो हत्यार रिकामं झालं. डमी (दारू नसलेलं नकली) काडतूस घालून पाच-सहा वेळा काढून बघा, दर वेळी ते खिडकीतून बाहेर पडलं पाहिजे.

मॅगझिन दोन मागा. एकच असेल तर किंमत पाडा, कारण मूळ कंपनीचं मॅगझिन मिळवणं हीच मोठी कसरत आहे आणि स्थानिक बनावटीच्या मॅगझिनने छोट्या पिस्तुलांचा निम्मा त्रास होतो. वरचे दोन ओठ सारखे वाकलेले हवेत, मागच्या बाजूला तडा नको, आणि पूर्ण भरून बोटाने दाबल्यावर काडतुसं थोडी खाली जाऊन सरळ वर यायला हवीत.

सगळं पार पडलं तर सौद्याआधी रायफल क्लबच्या रेंजवर, क्लबची आणि मालकाची परवानगी घेऊन, त्याच्या उपस्थितीत काही गोळ्या झाडून बघाव्यात. शेतात झाडून पाहू नका. निष्काळजीपणे गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ७ मीटरवर जेवणाच्या ताटलीएवढ्या वर्तुळात पाचही गोळ्या बसल्या की नेमाचं झालं. मॅगझिन पूर्ण भरून, प्रत्येक मॅगझिनमधून दोनदा, अडथळा न येता झाडून झालं की चालण्याचंही झालं. अमेरिकेतले लोक दोनशे गोळ्या झाडल्याशिवाय हत्यारावर विश्वास ठेवत नाहीत, आपल्या परवान्यावरच्या कोट्यात ते परवडणारं नाही. म्हणून पेन्सिल आणि डमीवरच्या चाचण्या इतक्या कसून करायच्या.

प्रश्न: मला ९ मिमी का नको म्हणतात? (एक वाचक, बीड)

उत्तर: सैन्य आणि पोलिसांचं ९ मिमी काडतूस प्रोहिबिटेड बोअरमध्ये मोडतं. जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्त देतात त्या सर्वसाधारण परवान्यावर ते येत नाही. ‘कागद नंतर करून देतो’ म्हणत ते दाखवणारा माणूस तुम्हाला तुरुंगाची वाट दाखवतोय.

प्रश्न: माझं .३२ पिस्तूल दर दहा-पंधरा गोळ्यांत एकदा अडकतं. हत्यार बदलू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: कसं अडकतं ते आधी ओळखा. दुसरं मॅगझिन लावून अडचण गेली, तर मॅगझिन दोषी. वरचं काडतूस मॅगझिनमध्येच तिरपं बसून हलेनासं झालं, तर ते रिम अडकणं आहे. .३२ एसीपीच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोघं एकमेकांत गुंततात. प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसेल असं भरा. लांबीला आखूड काडतुसांना आत सरकायला जागा मिळते, तिथे हे जास्त होतं.

रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडकत असेल तर काडतूस कमजोर आहे, चेंबर घाण आहे किंवा मनगट ढिलं राहतंय. क्रम असा: चेंबर ब्रशने साफ करा, नवीन लॉटची काडतुसं वापरा, मग मूठ घट्ट धरा. ट्रिगर ओढल्यावर नुसता ‘टक्’ आवाज आला तर तोंड समोर ठेवून तीस सेकंद थांबा, कधीकधी दारू उशिरा पेटते. मग काडतूस काढून प्राइमरवरची खूण बघा. उथळ असेल तर फायरिंग पिन, हॅमरची स्प्रिंग किंवा पिनच्या भोकातला तेलाचा चिखल. खोल असेल तर काडतूसच जुनं. आणि कधी नेहमीपेक्षा मंद ‘फट्’ आलं तर पुढची गोळी अजिबात झाडायची नाही, नळी रिकामी आहे हे प्रत्यक्ष बघेपर्यंत. फुगलेली नळी अशीच तयार होते.

आणखी एक: रोज रात्री चेंबरमधलं काडतूस काढून सकाळी तेच पुन्हा घालण्याची सवय असेल तर गोळी पुंगळीत मागे दबत जाते आणि दाब वाढतो. .३२ एसीपी पूर्ण काडतूस जास्तीत जास्त २५ मिमी असतं. नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा, डोळ्याला फरक दिसला की ते वापरातून काढा. पण फेकू नका. प्रत्येक काडतुसाचा आणि रिकाम्या पुंगळीचा हिशेब तुमच्याकडे मागितला जाऊ शकतो.

प्रश्न: कोकणातला दमटपणा आणि घाम. चामड्याच्या होल्स्टरमध्ये गंज येतो. शर्टखाली कुठे ठेवू? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: चामडं घाम धरून ठेवतं, म्हणून हत्यार चामड्यात ठेवून कपाटात टाकू नये. अंगावरून उतरलं की होल्स्टर वेगळं, पुसलेलं हत्यार वेगळं. पावसाळ्यात रोज कोरड्या फडक्याने आणि मग तेलाचा अगदी पातळ हात. तेल मॅगझिनमध्ये किंवा काडतुसांवर जाऊ देऊ नका, प्राइमर त्याने मरतो. मुठीच्या पट्ट्यांखाली महिन्यातून एकदा स्क्रू सोडून बघा, गंज तिथे लपून वाढतो.

होल्स्टर घेताना दोनच अटी कडकपणे पाळा. ट्रिगर पूर्ण झाकला गेला पाहिजे, आणि पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहिलं पाहिजे, नाहीतर परत ठेवताना दुसऱ्या हाताने ते फाकवावं लागतं आणि बोटं नळीसमोर येतात. जागा उजव्या कमरेच्या हाडाच्या किंचित मागे, पँटच्या आत. त्यासाठी पँट कमरेत दोन इंच मोठी आणि पट्टा ३५ ते ४० मिमी रुंद, न दुमडणारा. साडेसहाशे ग्रॅमला बारीक पट्टा लोंबतो आणि मूठ बाहेर पडते. शर्ट बाहेर सोडलेला, गडद किंवा चौकडीचा. आरशासमोर वाका, वर हात करा, स्कूटरवर बसा. दिसलं, तर मुठीचा कोन पुढे झुकवा. खिशात नुसतं पिस्तूल टाकणं हा मात्र शुद्ध वेडेपणा. किल्ल्या आणि ट्रिगर एकत्र राहू शकत नाहीत.

प्रश्न: पर्समध्ये ठेवलं तर? (एक वाचिका, पुणे)

उत्तर: चालेल, पण स्वतंत्र कप्पा, आत होल्स्टर, त्या कप्प्यात दुसरं काहीही नाही, आणि पर्स खांद्यावरून तिरकी. खुर्चीला अडकवलेली, गाडीच्या सीटवर टाकलेली पर्स तुमच्या ताब्यात नाही. नियमात ताबा हा शब्द आहे, आणि चोर पर्सच ओढतो. घरी लहान मुलं असतील तर आत शिरताच हत्यार कुलपात, ही सवय लागेपर्यंत पर्सचा विचार नको.

प्रश्न: वडील ७२ वर्षांचे आहेत. त्यांचं पिस्तूल माझ्या नावावर होईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: हो. परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा हत्यार २५ वर्षं त्यांच्याकडे आहे, यांतलं जे आधी होईल त्यानंतर कायदेशीर वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. शस्त्र-सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र तुम्हालाही लागेल. परवाना मिळेपर्यंत ते पिस्तूल वडिलांचंच, तुम्ही अंगावर घ्यायचं नाही. परवानाधारक हयात नसेल तर हत्यार लगेच पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग अर्ज करायचा.

प्रश्न: आम्ही ह्यूस्टनला असतो. माझं ग्रीन कार्ड झालंय, बायको एच-४ वर आहे. सिग पी३६५ घ्यावं की ग्लॉक ४३एक्स? (एक वाचक, टेक्सस)

उत्तर: दोन्ही ९ मिमी, दोन्हींत मॅगझिनमध्ये १० आणि चेंबरमध्ये १, जाडी साधारण सारखीच, २७-२८ मिमी. फरक मुठीत आहे. पी३६५ ची उंची १०९ मिमी, ४३एक्सची १२८. कमरेला हेच दोन सेंटिमीटर दिसतात, हातात हेच दोन सेंटिमीटर करंगळीला जागा देतात. मोठा हात आणि सैल शर्ट असेल तर ४३एक्स, आत खोचलेला शर्ट घालून ऑफिसला जात असाल तर पी३६५. रेंजवर भाड्याने दोन्ही मिळतात, प्रत्येकातून पन्नास गोळ्या झाडून ठरवा.

पण त्याआधी घरातली गोष्ट. एच-१बी, एच-४ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला बंदी आहे, वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. टेक्ससने १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय बाळगण्याची मुभा दिली असली तरी तिने ही संघीय बंदी उठत नाही. म्हणून तिजोरीची किल्ली आणि आकडा फक्त तुमच्याकडे, बायकोसाठी ‘अडीअडचणीला’ म्हणून उघडी सोय नको. आणि भारतात येताना रेंजला नेलेली बॅग घेऊ नका. तळाच्या शिवणीत राहिलेलं एक काडतूस मुंबईच्या स्कॅनरवर दिसलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो, आणि ते तिथे आहे हे माहीतच नव्हतं, हे पटवून देण्यात सुट्टी संपते. दुसरी बॅग घ्या, आणि तीही निघायच्या आदल्या दिवशी रिकामी करून उलटी झटका.